परतीच्या गाडीचा हिशेब

कुहीकडचा माणूस नागपुरात मॅच पाहायला निघाला की आधी परतीची गाडी बघतो, तिकिटाचं मग. शहरातल्यांना हे चटकन उमगत नाही. ते स्टेडियमबद्दल बोलतात तेव्हा किती खुर्च्या, किती दिवे, पार्किंगला किती जागा, असं मोजतात. आम्ही एसटी स्टँडपासून पायी किती लांब आणि शेवटची कुही गाडी कितीला, एवढंच विचारतो. धंतोलीच्या यशवंत स्टेडियमचं काय करायचं, पाडून नवं उभारायचं की आहे तेच नीट करायचं, ही चर्चा नागपुरात अधूनमधून डोकं वर काढते. मी खेळाडू नाही आणि इंजिनियरही नाही. पण प्रेक्षक म्हणून माझी हजेरी जुनी आहे. संपादकांनी दिवाळी अंकासाठी जुनं काहीतरी लिहा म्हटलं, तेव्हा मला देवळं-वाडे नाही, तीन ग्राउंडं आठवली. सदरचं, धंतोलीचं आणि फार उशिरा आलेलं जामठ्याचं.

ग्राउंडवर जायची सवय मला लावली काकाजींनी. बाबूजींचे धाकटे भाऊ. नागपुरात मिलमध्ये कामाला होते आणि गणेशपेठेत एका खोलीत राहत. शेती बाबूजींकडे, शहर काकाजींकडे, अशी घरात वाटणीच होती म्हणा ना. सुट्टी लागली की मी त्यांच्याकडे जायचो. कधी एसटीनं, कधी छोट्या लाईननं. इतवारी ते नागभीड ही अडीच फुटी रुळांची गाडी आमच्या कुहीवरून जायची. १९०८ पासूनची लाईन. तिला घाई कधीच नव्हती. मिरचीच्या दिवसांत भिवापूर-उमरेडकडून पोती चढत आणि मग इतवारी येईस्तोवर डबाभर शिंका. लग्नाला निघालेली मंडळी असोत की कोर्टाच्या तारखेवर निघालेला माणूस असो, सगळ्यांचे डोळे सारखेच लाल. टीसीसुद्धा नाकाला रुमाल लावून तिकीट बघायचा. परगावच्या माणसाला वाटावं, डब्यात कोणी तरी वारलंय.

काकाजींचा नियम एकच होता. ग्राउंडवर चालत जायचं. "रिक्षाचे पैसे वाचले तं फल्लीदाणे येतात," हा त्यांचा अर्थशास्त्राचा सिद्धांत. गणेशपेठेतून कॉटन मार्केट, लोहापुलाखालून सीताबर्डी, व्हरायटी चौक, मग झिरो माइलच्या खांबाजवळचे दगडी घोडे, विधानभवन, की आलं सदरचं व्हीसीए ग्राउंड. विदर्भ क्रिकेट असोसिएशनचं ग्राउंड असं पूर्ण नाव कोणी घेत नसे. मॅचच्या सकाळी ह्या वाटेनं माणसांचा ओघ लागलेला असायचा. पिशवीत डबा, डोक्याला दुपट्टा, कोणाच्या खांद्यावर पोरगं. ओळख नसताना माणसं एकमेकांना टीम विचारत, आणि झिरो माइल येईपर्यंत अकरापैकी चार खेळाडू बदलून मोकळी होत.

ह्या ग्राउंडवर पहिली कसोटी झाली ऑक्टोबर १९६९ मध्ये. न्यूझीलंडनं आपल्याला १६७ धावांनी हरवलं. भारतात न्यूझीलंडनं जिंकलेली ती पहिली कसोटी. म्हणजे नागपूरनं पाहुणचाराला सुरुवातच अशी केली! काकाजी त्या मॅचला गेले होते असं ते सांगत. मात्र त्यांच्या सांगण्यात दरवेळी बसायची जागा बदलायची, त्यामुळे मी त्यावर फार भरवसा ठेवला नाही.

माझी मॅच म्हणजे १९८७ ची. ३१ ऑक्टोबर, शनिवार. दिवाळी नुकतीच सरली होती, गावोगाव मंडईचे दिवस होते. आमच्याकडे भाऊबीज झाली की मंडई भरते, रात्रभर दंडार, खडी गंमत, आणि सकाळी सगळं गाव पेंगत असतं. त्या पेंगत्या गावातून मी आणि काकाजी पहिल्या गाडीनं निघालो. विश्वचषकातली भारत-न्यूझीलंड मॅच. भारत उपांत्य फेरीत पोचल्यातच जमा होता. प्रश्न होता तो कुठे खेळायचं याचा. गटात पहिले आलो तर मुंबईला, नाही तर लाहोरला. पहिलं यायचं तर जिंकून भागणार नव्हतं, वेगानं जिंकायला हवं होतं.

उन्हं चढली तशी सिमेंटच्या पायऱ्या तापल्या. सदरच्या स्टँडात बसणं ही तपश्चर्याच होती. डोक्यावर छप्पर सगळ्यांच्या नशिबी नसायचं. आम्ही तर पेपर अंथरून बसलो होतो, दुपारपर्यंत पेपराची शाई पायजम्यावर उतरली. पण खेळ इतका जवळ की सीमारेषेवरच्या खेळाडूच्या मानेवरचा घाम दिसावा. चेंडू लागल्याचा आवाज आधी यायचा आणि मागून रेडिओतला. आमच्या पुढच्या पायरीवर एक म्हातारबा ट्रान्झिस्टर कानाला लावूनच मॅच बघत होते. समोर दिसतंय तरी रेडिओ कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, "डोळ्याचा काय भरवसा पोट्ट्या, रेडिओवाला सांगन तेच खरं."

आणि मग चेतन शर्मा. रुदरफोर्ड, इयान स्मिथ, चॅटफिल्ड. लागोपाठ तीन चेंडू आणि तिघांच्याही दांड्या गुल. विश्वचषकातली पहिली हॅट्‌ट्रिक आमच्या डोळ्यांदेखत झाली. तिसरी दांडी उडाली तेव्हा काय झालं ते मी पाहिलंच नाही, कारण पुढचे सगळे उभे राहिले होते. मला काकाजींचा बुशशर्ट दिसत होता तेवढाच. म्हातारबांचं म्हणणं असं पटलं. त्यांना रेडिओनं सगळं नीट सांगितलं होतं.

न्यूझीलंडच्या झाल्या २२१. त्या आपल्याला ४२.२ षटकांत करायच्या होत्या. गावस्कर अंगात ताप घेऊन आला होता, हे आम्हाला नंतर पेपरात कळलं. आम्हाला दिसला तो वेगळाच गावस्कर. ज्या माणसानं १९७५ च्या विश्वचषकात साठ षटकं उभं राहून ३६ धावा केल्या, त्यानं चॅटफिल्डच्या एका षटकात २१ काढल्या. श्रीकांत एका बाजूनं, हा दुसऱ्या बाजूनं. ८८ चेंडूंत नाबाद १०३. गावस्करचं एकदिवसीय सामन्यातलं आयुष्यातलं एकुलतं एक शतक आणि तेही सदरच्या ग्राउंडवर. ३२.१ षटकांत खेळ खलास.

सगळं ग्राउंड नाचत होतं तेव्हा काकाजींनी घड्याळ पाहिलं. "चाल बे, गाडी भेटते अजून." आम्ही झिरो माइलवरून जवळजवळ पळतच सुटलो. गणेशपेठ स्टँडवर कुहीची शेवटची गाडी उभी होती. भारताला त्या दिवशी मुंबईचं तिकीट मिळालं, आम्हाला कुहीचं. गावस्कर जरा सबुरीनं खेळला असता तर दोघांचीही पंचाईत होती. पुढे मुंबईत वानखेडेवर ग्रॅहम गूचनं झाडूचे फटके मारून सगळ्या आनंदावर बोळा फिरवला, तो भाग वेगळा.

पण काकाजींचं खरं प्रेम क्रिकेटवर नव्हतंच. क्रिकेट म्हणजे जत्रा, वर्षा-दोन वर्षांनी येणारी. रोजचा खेळ फुटबॉल. मिल सुटली की ते थेट धंतोलीला. यशवंत स्टेडियम त्यांच्या खोलीपासून सदरहूनही जवळ, सीताबर्डीला लागूनच. बाहेरून पाहिलं तर ते स्टेडियम वाटायचंच नाही. गोल फिरून दुकानं. आतमध्ये मैदान आहे हे माहीत नसलेला माणूस खरेदी करून खुशाल निघून गेला असता. मला हेच आवडायचं. गजबजलेल्या बाजारातून एका फाटकानं आत शिरायचं आणि एकदम समोर गवत.

नागपूरचं फुटबॉल म्हणजे अर्धं कामठीचं. १८२१ पासून तिथे फौजेची छावणी, आणि चेंडू त्या गावाच्या हाडीमाशी. रब्बानी क्लबची मॅच असली की कामठीहून माणसं थव्यानं यायची. राहुल क्लब, यंग मुस्लिम, रेल्वेची टीम, पोलिसांची टीम. काकाजींना ह्या पोरांची नावं नाही, पाय माहीत होते. "तो डाव्या पायाचा", "तो टाचेनं देणारा" असं ते बोलत. गोलकीपरला ते नेहमी शिव्या देत आणि मॅच संपल्यावर नेमाने त्याच्याच पाठीवर थाप मारून येत. पावसाळ्यात मैदानाचा चिखल व्हायचा. चेंडू एका जागी रुतून बसायचा आणि सहा-सात पोट्टे त्याच्याभोवती पाय झाडत राहायचे. कोणाची जर्सी कोणती ते पहिल्या दहा मिनिटांनंतर कळायचं नाही. शेजारी बसलेला कामठीचा एखादा चाचा मग नुसत्या पळण्याच्या ढबीवरून नाव सांगायचा, आणि ते बरोबर निघायचं. कामठीच्या लोकांची उर्दूमिश्रित हिंदी, आमची कुहीकडची बोली आणि मध्ये पंचाची शिट्टी. भांडणं व्हायची, पण भांडणारे पुन्हा एकाच टपरीवर चहा पीत.

इथे आत शिरायला फारसं काही मोजावं लागत नसे, हे महत्त्वाचं. शहरात कामाला आलेला, खोलीवर एकटा राहणारा माणूस संध्याकाळी जाणार कुठे? सिनेमाला पैसे पडतात. गॅलरीत बसायला पडत नाहीत. डिसेंबर आला की हिवाळी अधिवेशन, आणि मग ह्याच स्टेडियमवर मोर्चेकरी. गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळकडची माणसं गाठोडी उशाला घेऊन बसलेली. मोर्चे इथूनच विधानभवनाकडे निघत. काकाजी म्हणायचे, "हे ग्राउंड सरकारले ओळखते अन् आपल्यालेही." मला तेव्हा त्यातली गोम कळली नाही. आता वाटतं, शहराच्या मधोमध असलेल्या, कोणालाही येऊन बसता येईल अशा एवढ्या मोठ्या जागा आणखी किती उरल्यात?

सदरच्या ग्राउंडची एक काळी आठवणही आहे. ती गाळून नुसतं गोड गोड लिहिणं बरं नाही. २६ नोव्हेंबर १९९५. पुन्हा न्यूझीलंडच. जेवणाच्या सुट्टीत नव्यानं बांधलेल्या स्टँडची भिंत कोसळली आणि खाली माणसं गेली. मॅच पाहायला आलेली माणसं घरी परतली नाहीत. खेळ पुढे चालू राहिला. नेथन ॲस्टलनं शतक केलं, न्यूझीलंडनं साडेतीनशेच्या घरात धावा केल्या. मी त्या दिवशी कुहीत टीव्हीसमोर होतो. काकाजी नागपुरात होते आणि ते सदरला गेलेत की नाही हे आम्हाला रात्रीपर्यंत कळलं नाही. आमच्या घरी फोन नव्हता. बाबूजी पोस्टाजवळच्या एसटीडीवर ताटकळत उभे. काकाजी गेलेच नव्हते, त्यांची दुसरी पाळी होती. त्यानंतर ते क्रिकेटच्या मॅचला फारसे गेले नाहीत.

त्या दिवशी जुनं ग्राउंड पडलं नव्हतं हे मी लोकांना पुन्हा पुन्हा सांगतो. पडली ती नवी भिंत. जुन्या अंगावर घाईनं चढवलेलं नवं बांधकाम. दुरुस्ती करा म्हणणारे आणि नवं बांधा म्हणणारे, दोघंही हे विसरतात. आहे त्याच आवारात आणखी हजार-दोन हजार माणसं कोंबायची म्हणून वाढीव स्टँड उभारणं याला दुरुस्ती म्हणत नाहीत. आमच्याकडे कौलारू घराचे कवेलू दर उन्हाळ्याच्या अखेरीस फेरतात. फुटका काढायचा, सरकलेला बसवायचा, वाळवी लागलेला वासा बदलायचा. घर तेवढंच राहतं, पण पाऊस आत येत नाही. स्टेडियमची दुरुस्ती अशी असते, आणि ती दरवर्षीची असते. वीस वर्षं कवेलू फेरायचे नाहीत आणि मग एक दिवस म्हणायचं, घर जुनं झालं, पाडा. हे बरंय!

नव्या-जुन्याच्या ह्या भानगडीत नागपूरकडच्या माणसाचा हात फार वरपर्यंत पोचलेला आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मुंबईत १९३७ पासून ब्रेबॉर्न होतं. दिमाखदार, समुद्राजवळचं. पण ते क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं. विजय मर्चंट क्लबचे अध्यक्ष, तर बॉम्बे क्रिकेट असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे, आपल्या विदर्भातले, विधानसभेचेही अध्यक्ष. तिकिटांच्या वाट्यावरून, मैदान द्यायच्या-न द्यायच्यावरून ठिणगी पडली. वानखेड्यांनी ठरवलं, आपलं वेगळं उभारू. आणि ब्रेबॉर्नपासून हाकेच्या अंतरावर दुसरं स्टेडियम उभं राहिलं. जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध पहिली कसोटी, क्लाइव्ह लॉइडच्या नाबाद २४२. पुढे २०११ च्या विश्वचषकासाठी त्याच वानखेडेचे स्टँड पाडून नव्यानं बांधले आणि अंतिम सामना तिथेच झाला. मला ह्यात एक गोष्ट आवडते. भांडण कितीही पेटलं तरी नवं स्टेडियम चर्चगेटजवळच राहिलं. लोकलनं येणारा माणूस उतरला की चालत पोचतो. ब्रेबॉर्नही उभं आहे. मुंबईकरांना हा मोठेपणा वाटत नसेल, पण विरार-कल्याणहून येणाऱ्याला विचारा. त्यालाही आमच्यासारखीच परतीची गाडी गाठायची असते.

नागपूरनं मात्र दुसरी वाट धरली. सदरला वाढायला जागाच नव्हती. एका बाजूला विधानभवन, दुसरीकडे हायकोर्ट, सरकारी बंगले, अरुंद रस्ते. तिथली शेवटची कसोटी मार्च २००६ मध्ये इंग्लंडशी झाली. ॲलिस्टर कुकनं पदार्पणातच शतक केलं, आणि माँटी पानेसरला पहिला बळी मिळाला तो थेट सचिनचा. मग वर्धा रोडवर, विमानतळाच्याही पुढे, जामठ्याला नवं स्टेडियम आलं. पंचेचाळीस हजारांचं. नोव्हेंबर २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाशी पहिली कसोटी. सौरव गांगुलीची शेवटची. पहिल्या डावात ८५, दुसऱ्यात पहिल्याच चेंडूवर शून्य. धोनीनं शेवटी शेवटी थोडा वेळ कप्तानी त्याच्या हाती दिली. पदार्पण करणाऱ्या क्रेझानं बारा बळी घेतले आणि तरी हरला. इतकं सगळं घडलं, पण पहिल्या दिवशी टीव्हीवर दिसत होत्या त्या रिकाम्या खुर्च्या. ओळीच्या ओळी.

मी गेलो नंतर, एका एकदिवसीय सामन्याला. खरं सांगतो, स्टेडियम देखणं आहे. खुर्ची आहे, पाठ टेकता येते, शौचालयात पाणी असतं, कुठूनही खेळ दिसतो. पुढचा माणूस उभा राहिला म्हणून हॅट्‌ट्रिक चुकायची नाही. सदरच्या पायऱ्यांवर भाजून निघालेल्या माझ्यासारख्याला तर ते राजवाड्यासारखं वाटलं. खेळाडूंसाठीही चांगलंच असणार. विदर्भानं २०१८-१९ ची रणजी ट्रॉफी इथेच सौराष्ट्राला हरवून राखली आणि २०२५ च्या मार्चमध्ये केरळाविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित राहिला तेव्हा पहिल्या डावातल्या आघाडीवर पुन्हा इथेच जिंकली. एकेकाळी नागपुरात कसोट्या व्हायच्या त्या दुसऱ्यांनीच खेळायच्या. १९६९ पासून आपण खुर्च्या मांडत राहिलो, आणि विदर्भाच्या संघाचा पहिला कसोटीपटू उमेश यादव मैदानात उतरला तो २०११ मध्ये. खापरखेड्याकडच्या कोळसा खाणीच्या वस्तीतला पोरगा. हे सगळं नव्या काळाच्या बाजूला लिहायला पाहिजे.

पण रात्री मॅच संपली आणि मी वर्धा रोडवर उभा राहिलो. गाड्यांची रांग लागलेली, ज्याच्याकडे कार तो राजा. मेट्रो तेव्हा आली नव्हती. आता आली तरी खापरीपर्यंतच, पुढे जामठा आहेच. शेवटी एका छोट्या हत्तीत मागे उभं राहून नागपूर गाठलं आणि पहाटेपर्यंत गणेशपेठ स्टँडवर बसलो. काकाजी तेव्हा हयात होते. सगळं ऐकून म्हणाले, "म्हणजे खेळ पाहाले गेला अन् मोटार पाहून आला."

तरी नागपूरचं एक बरं झालं. सदरचं ग्राउंड कोणी पाडलं नाही. मोठे सामने जामठ्याला गेले, पण जुन्या ग्राउंडवर रणजीच्या मॅचेस होत राहिल्या. इंग्लंडात लिव्हरपूलच्या एव्हर्टन क्लबनं २०२५ मध्ये नवं स्टेडियम घेतलं, तेव्हा शंभरावर वर्षांचं गुडिसन पार्क पाडायचं ठरत होतं, आणि मग त्यांनी ते आपल्या महिला संघाला दिलं. पेपरात वाचलं तेव्हा मला सदरच आठवलं. नवं बांधलं म्हणजे जुनं मारलंच पाहिजे असं नसतं. मुलीही खेळतात, पोरंही खेळतात. एका शहराला दोन-तीन ग्राउंडं जड नसतात.

जुनं-नवं हा प्रश्न कुही तालुक्याला तसा स्टेडियमच्या आधीपासूनचा. गोसीखुर्द धरणाची कोनशिला १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते बसली आणि वैनगंगेचं, आमनदीचं पाणी चढत गेलं तशी आमच्या तालुक्यातली गावं उठली. नवी गावठाणं आखली गेली. सरळ रस्ते, एकसारखे प्लॉट, कागदावर सगळं टापटीप. माझ्या मामाजींचं गाव त्यात गेलं. नव्या गावात घर पक्कं आलं, पण शेत राहिलं लांब, आणि देवळासमोरचा पार तर नकाशात कोणी काढलाच नव्हता. पोरं आधी नदीकाठच्या वाळूत चेंडू खेळायची. नव्या गावठाणात खेळायला राखीव जागा होती, मुरूम आणि गोट्यांची. मामाजी तक्रार करणारे नव्हते. पण त्यांनी एकदा सहज विचारलं होतं, हा नकाशा काढणारा माणूस इथे येऊन चाललाय का? धरणाचं पाणी शेतांना लागतं, ते खोटं नाही. मात्र तेव्हापासून कोणी मला नव्या बांधकामाचं रंगीत चित्र दाखवलं की मी आधी त्यात चालणारी माणसं कुठून आली असतील ते बघतो. चित्रात ती नेहमी कारमधूनच उतरलेली असतात.

आमची छोटी लाईनही २०१९ च्या अखेरीस बंद झाली, रुंद करण्यासाठी. जुने रूळ निघाले. ह्या बाबतीत मी अगदी नव्याच्या बाजूचा आहे, बरं का! मिरचीच्या शिंका आठवायला गोड, पण कुहीच्या कॉलेजकुमारांना अडीच फुटी रुळावर दोन-दोन तास बसवून ठेवायचा मला काय हक्क? हौशी लोकांसाठी मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय आहे, तिथे जाऊन इंजिनापाशी फोटो काढावा. काही जुन्या गोष्टी संग्रहालयात शोभतात. फुटबॉलचं मैदान त्यातलं नव्हे. ते रोज पायाखाली लागतं.

म्हणून धंतोलीच्या प्रश्नावर माझं मत विचाराल तर ते कुहीच्या बाजूनं आहे. यशवंत स्टेडियम कितीही खचलं असलं तरी ते नागपूरच्या नेमक्या जागी बसलंय. गणेशपेठचा स्टँड चालत, रेल्वे स्टेशन चालत, आता झाशी राणी चौकात मेट्रोही. कामठीचा माणूस तिथे येतो, बुटीबोरीचा येतो, आमचाही येतो. शहराबाहेर शंभर एकर जागा मिळेल, तिथे हवं तेवढं मोठं बांधता येईल, हे ऐकायला छान वाटतं. पण त्या शंभर एकरांवर आठवड्याच्या मधल्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता रब्बानी आणि रेल्वेची मॅच बघायला कोण जाणार? फुटबॉल हा मिल सुटल्यावर, दुकान आवरल्यावर, कॉलेजातून घरी जाताना वाटेत बघायचा खेळ आहे. वाट बदलली की बघणारे जातात, आणि बघणारेच गेले की पोट्टे कोणासाठी गोल मारतील?

ह्याच शहरात हिस्लॉप कॉलेजचे विजय बारसे सर झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन बसले आणि त्यातून स्लम सॉकर उभं राहिलं. नागराज मंजुळ्यांनी त्यावर 'झुंड' काढला, अमिताभला घेऊन, नागपुरातच. सिनेमा २०२२ मध्ये आला तेव्हा कुहीची पोरं उमरेडला जाऊन पाहून आली. त्यातलं मला सगळ्यात खरं वाटलं ते हे, की खेळ सुरू व्हायला स्टेडियम लागत नाही. लागते ती जवळची मोकळी जागा आणि तिथे रोज येणारा एक वेडा माणूस. असा वेडा माणूस बांधता येत नाही. जागा तरी शिल्लक ठेवता येते.

तेव्हा धंतोलीला पाडापाडी नको. मैदानाखालून पाण्याचा निचरा नव्यानं करा, म्हणजे पावसाळ्यात जर्सीचा रंग तरी कळेल. गॅलरीचं सिमेंट खरवडून कोणा जाणत्या इंजिनियरकडून तपासून घ्या, जिथे लोखंड गंजलं असेल तेवढा भाग काढून पुन्हा बांधा आणि १९९५ ची आठवण ठेवून एकही जादा मजला चढवू नका. बायका-पोरींसाठी धड शौचालय करा, कारण काकाजींच्या काळी गॅलरीत एक बाई दिसत नसे त्याला तेही एक कारण होतं. चार दिवे लावा. बाहेरची दुकानं राहू द्या, त्यांच्या भाड्यातून वर्षाची डागडुजी निघते का ते बघा, आणि निघाली तर ती खरोखर डागडुजीवरच खर्च करा. फाटकाला कुलूप लावून मैदान 'जपू' नका. आणि जो कोणी ह्या कामाचा आराखडा काढेल, त्यानं सहीच्या आधी एकदा कुहीच्या एसटीनं यावं, गणेशपेठला उतरावं, मॅच बघावी आणि शेवटच्या गाडीनं परत जाऊन दाखवावं. तिकिटाचे पैसे मी देतो. फल्लीदाणे त्याचे त्यानं घ्यावे.